तुटक रेषेची वाट



मुलांच्या सुट्टीविषयी आम्ही या सदरातून मागे लिहिले होते. त्यानंतर विहारात एका भगिनीने आम्हांस गाठले. म्हणाल्या, "दादा, मुलांना सायकलवर बाहेर काढा म्हणून लिहिता, ते बरोबर आहे. पण चालवायची कुठे ते नाही लिहिलंत. आमच्या पोराला मामाने सायकल घेऊन दिली. वर्ष झालं, ती गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला येते. खाली उतरलं की समोर हायवे."

त्यांचा प्रश्न आम्हांस लागला, कारण आमच्या घरची गोष्टही वेगळी नव्हती. आपल्या वस्त्यांत सायकल कधी हौसेची वस्तू नव्हती. पहिल्या पाळीला जाणारा माणूस पहाटे पाच वाजता हँडलला डबा अडकवून निघत असे, आणि पगाराच्या दिवशी त्याच सायकलच्या कॅरिअरवर पोरांसाठी खाऊ येत असे. आमच्या शेजारचे एक काका तीस वर्षे असे कंपनीत गेले. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना एका पहाटे मागून ट्रकचा धक्का बसला. जीव वाचला, उजवा हात गेला. त्या दिवसापासून आमची सायकल जिन्याखाली गेली, ती नववीत शिकणाऱ्या आमच्या धाकट्या मुलीने गेल्या वर्षी पुन्हा बाहेर काढली. आम्ही नको म्हटले. ती म्हणाली, "मग मला दुसरा रस्ता दाखवा."

दुसरा रस्ता शोधता शोधता जे शिकलो, ते आज सांगणार आहोत. त्यातून पुढे एक वेगळेच प्रकरण निघाले, तेही सांगू.

निवांत रस्ता म्हणजे काय? जिथे मोठ्या गाडीचे काही काम नसते तो. असा रस्ता विचारून सापडत नाही. मोटारवाल्याला विचारले तर तो मोटारीचा रस्ता सांगतो. मोबाईलही बहुधा लवकर पोहोचवणारा रस्ता आधी पुढे करतो, आणि डोंगराच्या आड गेले की त्याची रेंज जाते. कागदाचा नकाशा मात्र टेबलावर पसरला की सगळ्या वाटा एकदम समोर येतात. कोणी वापरते आणि कोणी वापरत नाही, सगळ्या. त्यातली कोणती घ्यायची ते आपण ठरवायचे.

हे नकाशे सर्व्हे ऑफ इंडिया काढते. हे खाते १७६७ साली स्थापन झाले. इंग्रजांना लष्कर हलवायचे होते आणि सारा वसूल करायचा होता, त्यासाठी मोजणी झाली. उन्हातान्हात साखळी ओढणारे आणि झेंडी धरून उभे राहणारे हात गरिबांचे होते. कागद साहेबाच्या टेबलावर गेला. स्वातंत्र्यानंतरही सीमेलगतच्या आणि समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ साली नवे नकाशा धोरण आले आणि लष्करासाठी एक व लोकांसाठी एक अशा दोन मालिका झाल्या. लोकांसाठीच्या मालिकेस ओपन सिरीज म्हणतात. तेव्हा नकाशा मागायला जाताना बिचकू नये. तो घेणे हा आपला हक्क आहे. पुण्यात या खात्याची कचेरी आहे. जिल्ह्याच्या गावी राहत असाल तर महाविद्यालयाच्या भूगोल विभागात विचारावे, तिथे आपल्या भागाचा नकाशा बहुधा पाहायला मिळतो.

नकाशा मागताना प्रमाण सांगावे, पन्नास हजारास एक. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर हे जमिनीवरचे एक किलोमीटर. सायकलसाठी हेच प्रमाण योग्य. याहून लहान प्रमाणाच्या नकाशात, म्हणजे जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या नकाशात, फक्त मोठ्या सडका उरतात आणि आपल्याला हव्या असलेल्या वाटा गळून जातात. प्रत्येक नकाशाला क्रमांक असतो. जुन्या क्रमांकांप्रमाणे पुणे शहर ४७ एफ/१४ या नकाशात येते. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून क्रमांकाबरोबर गावाचे आणि तालुक्याचे नावही सांगावे. मावळातील आपली तीन लेणी शेजारी शेजारी असूनही तीन नकाशांत विभागली आहेत, हे आम्हांला कागद हाती आल्यावरच कळले. कार्ले ४७ एफ/५ मध्ये, भाजे ४७ एफ/६ मध्ये आणि बेडसे ४७ एफ/१० मध्ये. देहूरोड आणि तळेगाव दाभाडे हीदेखील ४७ एफ/१० मध्येच येतात. म्हणजे देहूरोडहून बेडशास जायचे तर एकच नकाशा पुरतो. आमचा पहिला प्रवास बेडशाचा ठरला तो या हिशेबाने.

आता वाचायचे कसे? घाबरण्यासारखे त्यात काही नाही. रंग ओळखले की निम्मे काम झाले. निळे ते पाणी. हिरवे ते जंगल. पिवळी ती लागवडीची जमीन. लाल रंगात घरे आणि रस्ते. तपकिरी रेषा डोंगराच्या. पक्की सडक ठळक असते. कच्चा रस्ता, गाडीवाट, पायवाट अशी उतरत्या क्रमाने रेषा बारीक आणि तुटक होत जाते. कोणती खूण कशाची हे नकाशाच्या कडेला तक्त्यात छापलेले असते. आधी तो तक्ता घरातल्या सगळ्यांनी बसून वाचावा. आमच्याकडे जेवणानंतर हा खेळच झाला. मुलगी खूण दाखवी आणि तिच्या आईने विहीर की देऊळ ते सांगायचे. आई दोनदा जिंकली.

तपकिरी रेषांकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण पायाला दुखते ते तिथे. या नकाशात एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत वीस मीटरची चढण किंवा उतरण असते. दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे दोन जाड रेषांत शंभर मीटर. तुमची वाट दोन सेंटिमीटरांत पाच रेषा ओलांडत असेल, तर एका किलोमीटरला शंभर मीटर चढ आहे. आपल्या साध्या, गिअर नसलेल्या सायकलवर हा चढ बसून चढत नाही, उतरून ढकलावे लागते. एक-दोन रेषा असतील तर मुलेही चढतात. वाट रेषांना समांतर जात असेल तर ती डोंगराच्या कडेकडेने सपाट जाते. अशी वाट सापडली की पेन्सिलने लगेच खूण करावी.

अंतर मोजायला शिवणाचा दोरा पुरतो. एक टोक निघण्याच्या ठिकाणी धरावे, वळणावळणाने दोरा वाटेवर बसवत न्यावा आणि मग पट्टीवर मोजावा. आमचा दोरा साठ सेंटिमीटरच्या आसपास भरला, म्हणजे एका बाजूने साधारण तीस किलोमीटर. मुलांबरोबर, थांबत थांबत, तासाला दहा किलोमीटर धरावेत. त्याहून जास्त धरले की संध्याकाळी अंधारात हायवेवर येण्याची वेळ येते, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तेच पदरी पडते.

आणखी एक गोष्ट. नकाशाच्या कडेला पाहणीचे वर्ष छापलेले असते, ते आधी वाचावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण सुरू झाला. त्याआधीच्या पाहणीच्या नकाशावर तो असणारच नाही. कागदावर जी वाट सरळ शेतातून पलीकडे जाते, ती प्रत्यक्षात त्या मार्गाच्या कुंपणाला जाऊन थांबते आणि खालून किंवा वरून जाणारा पूल शोधावा लागतो. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे, तेव्हा तिथे धाडस करू नये. तसेच देहूरोडच्या आजूबाजूस लष्करी हद्द आहे. पाटी दिसली की मागे फिरावे.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. आम्ही, मुलगी, पुतण्या आणि तेच शेजारचे काका. काका एका हाताने सायकल चालवणार हे ऐकून घरात वाद झाला. त्यांनी ब्रेक डाव्या बाजूला बसवून घेतला होता आणि आठ दिवस मैदानात सराव केला होता. कोणाचे ऐकले नाही. देहूरोडच्या विहारात वंदना घेतली. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते जिथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तोच हा विहार. सोबत दोन बाटल्या पाणी, भाकरी आणि ठेचा, पंक्चरचे सामान, पंप आणि पाना. नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून, हवा तेवढा भाग वर ठेवून हँडलला बांधला. वाटेतल्या गावांची नावे क्रमाने एका चिठ्ठीवर लिहून मुलीच्या खिशात दिली. सोमाटणे, परंदवडी, बेबडओहोळ, शिवणे, येळसे, बेडसे. चुकामूक झाली तर गावाचे नाव विचारता आले पाहिजे.

सोमाटण्यापर्यंत वाहनांची ये-जा होतीच. तिथून दक्षिणेला पवनेच्या खोऱ्यात उतरल्यावर आवाज कमी होत गेला. उसाची शेते, बाभळी, मधूनच शेणाचा धूर. काका म्हणाले, "तीस वर्षं सायकल चालवली, पण पाखरू ऐकलं नव्हतं." आम्ही काही बोललो नाही.

पुढे एका गावाजवळ नकाशावर एक तुटक रेषा होती. मोठे वळण टाळून ती थेट पलीकडच्या वस्तीला जात होती. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. अर्धा किलोमीटर गेलो आणि समोर लोखंडी फाटक. दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण, आत गवताची हिरवळ आणि बंगला. फाटकावर पाटी, खासगी मालमत्ता. राखणदार पुढे आला. मुलीने त्याला नकाशा दाखवला, "काका, ही वाट इथूनच जाते. बघा." त्याने नकाशा हातात घेतला, उलटा धरला, सरळ केला आणि परत दिला. "बाई, असेल. पण मला फाटक बंद ठेवायचा पगार आहे." माणूस मराठवाड्यातला, दुष्काळात घर सोडून आलेला. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्याने आम्हांला प्यायला पाणी मात्र दिले.

मागे फिरलो. मोठ्या वळणाने त्या वस्तीला पोहोचलो. वस्ती गावाबाहेर, जशा आपल्या असतात तशी. निळा झेंडा, पत्र्याचा विहार. एक आजी ओट्यावर बसल्या होत्या. जयभीम झाला, चहा झाला. कुठून आलात म्हणून विचारल्यावर आम्ही फाटकाची गोष्ट सांगितली. आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ती आमचीच वाट हाय. तिकडूनच मसणवट्यात जायचं. दीड वरीस झालं बंद हाय. माझ्या धाकल्या जावेला नेली तवा मोठ्या रस्त्यानं नेली, गावातनं. गावातनं नेऊ नका म्हणून बोलणी खाल्ली."

आम्ही सायकली भिंतीला लावल्या होत्या. पुतण्याने भाकरीचे फडके सोडले होते, ते तसेच राहिले.

विचारले, तक्रार केली का? एकाने सांगितले, तोंडी सांगितले होते. बंगलेवाल्याच्या माणसांनी कागद दाखवा म्हटले. कागद कोणाकडे होता? शिवाय वस्तीतली चार माणसे त्याच बंगल्यावर माळीकाम करतात. हे ऐकून आमच्या लक्षात आले की आमची मुलगी केवळ निवांत रस्त्यासाठी जो कागद हँडलला बांधून आली होती, तसाच कागद या लोकांना दीड वर्ष हवा होता.

इथे आम्हांला आमच्या आजोबांची आठवण झाली. ते मावळातल्याच एका गावचे वेसकर. सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे वाट दाखवत पळायचे, दोन गावांत शिवेवरून तंटा झाला की शीव दाखवायची, ही गावकीची कामे. तालुक्यातली प्रत्येक आडवाट त्यांच्या पायाला ठाऊक होती. त्यांच्या शब्दावर दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी ठरत. त्यांना स्वतःला मात्र गावातल्या रस्त्याने ताठ मानेने चालता येत नव्हते. वतनाच्या या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. आजोबा देहूरोडला १९५४ साली आले ते रात्रीत आडवाटेने चालत. घरात ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एवढी वाटांची माहिती त्यांच्याजवळ होती, पण ती डोक्यात. कागदावर नव्हती, आणि त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून पुढचे लक्षपूर्वक वाचावे. सर्व्हेचा नकाशा वाट शोधायला उपयोगी आहे, पण हक्क सांगायला तो एकटा पुरत नाही. त्यावर वाट दिसली म्हणजे ती सार्वजनिक आहे असे सिद्ध होत नाही, हे त्या खात्याच्या नकाशांबाबत समजून असावे. हक्कासाठी गाव नकाशा लागतो. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत अर्ज करून आणि ठरलेली फी भरून मिळतो. त्यावर गावातले गट नंबर आणि वाटा असतात. तिथे पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते आणि तिची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. गाव नकाशावर अशी रेषा असेल तर ती वाट कोणा एकाची नाही. जमीन विकली गेली, सातबारा दुसऱ्याच्या नावावर झाला, बंगला झाला, तरी ती वाट त्या विक्रीत जात नाही. त्यावरचे अतिक्रमण काढावे म्हणून तहसीलदारांकडे लेखी अर्ज करता येतो. अर्जाला गाव नकाशाची प्रत, सातबारे आणि वापरणाऱ्यांच्या सह्या जोडाव्यात. पोच घ्यावी, आणि ती पोच जपून ठेवावी.

दुसरा एक कायदा आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. त्याच्या कलम ५ खाली वापरातली वाट कोणी अडवली तर ती मोकळी करण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. परंतु अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. या वस्तीचे सहा महिने केव्हाच उलटले होते. कोणी त्यांना सांगितले नाही. आम्ही वीस वर्षे सामाजिक काम करतो म्हणवतो, आणि या वस्तीपासून तीस किलोमीटरवर राहतो. आम्हीही सांगितले नव्हते. म्हणून आज या पानावर लिहीत आहोत. ज्यांच्या शेताची, विहिरीची, स्मशानाची वाट काल-परवा अडवली गेली असेल, त्यांनी दिनदर्शिकेवर तारखेची खूण करावी.

त्या दिवशी आम्ही बेडशाला उशिरा पोहोचलो. मुलांनी पायऱ्या पळत चढल्या, काका हळूहळू आले. दोन उंच दगडांमधल्या अरुंद वाटेने आत गेले की चैत्याचे उंच खांब एकदम समोर येतात. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. इथे एका शिलालेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यनक याच्या दानाची नोंद आहे. कार्ल्याच्या शिलालेखांत तर श्रेष्ठींबरोबर सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गंधिकाचे दान आहे आणि दरवाजा करणाऱ्या सुताराचेही नाव कोरले आहे. पुतण्याने विचारले, एवढ्या आडवळणाला कोण दान द्यायला येत होते? प्रश्न बरोबर होता आणि उत्तर नकाशातच होते. कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापाराच्या वाटा याच खोऱ्यांतून देशावर जात. लेणी वाटेवर होती. आज जी वाट आपल्याला निवांत वाटते, ती दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या तांड्यांनी गजबजलेली होती. बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र, इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी हे डोंगर पायी पालथे घातले आणि जुन्या वाटांचा माग काढला. १९६२ साली निघालेल्या त्यांच्या मिथ अँड रिॲलिटी या इंग्रजी ग्रंथात त्या भटकंतीचे फळ आहे. त्यांनीही सुरुवात केली ती पायांनी आणि नकाशाने.

चैत्यात स्तूपासमोर आम्ही त्रिसरण म्हटले. काकांनी एकच हात कपाळाला लावला. उतरताना मुलगी म्हणाली, "पप्पा, त्या आजींची वाट मी नकाशावर पेन्सिलने काढली होती. ती खोडू का?" आम्ही म्हटले, "शाईने काढ."

पुढच्या आठवड्यात आम्ही एक दिवस रजा टाकली आणि गाव नकाशाची प्रत काढली. रेषा आहे. दुहेरी, तुटक. गाडीवाट. वस्तीत बसून अर्ज लिहिला. पहिल्या दिवशी सह्या दोनच झाल्या, त्यातला एक अंगठा आजींचा. बंगल्यावर कामाला जाणाऱ्यांनी सही केली नाही, आणि आम्ही त्यांना आग्रह केला नाही. चूल त्यांची पेटायची आहे. महिन्याभरात सह्या अकरा झाल्या. अर्ज दाखल आहे, पोच मिळाली आहे, मोजणीची मागणी केली आहे. फाटक हे लिहीत असताना अजून बंद आहे. निकाल लागेल तेव्हा याच सदरात कळवू, आपल्या बाजूने लागला तरी आणि विरुद्ध लागला तरी.

आता त्या विहारातल्या भगिनीस उत्तर. ताई, सायकल गॅलरीतून खाली काढा. आधी घरात आपल्या भागाचा पन्नास हजारी नकाशा आणा. एकट्याला परवडत नसेल तर विहाराच्या किंवा मंडळाच्या खर्चातून एक आणावा आणि भिंतीवर लावावा. जयंतीच्या वर्गणीतला अगदी लहान भाग त्याला पुरेल. पहिल्या खेपेस दहा किलोमीटरच्या आतली वाट निवडावी. शनिवारी रात्री दोऱ्याने मोजावी, तपकिरी रेषा मोजाव्यात, गावांची चिठ्ठी करावी. पहाटे निघून ऊन चढण्याआधी परतावे. पावसाळ्यात ओढ्यावरचे फरशीपूल पाण्याखाली जातात, नकाशावर वाट असली तरी पाणी वाहत असेल तर ओलांडू नये. मुलींना मागे ठेवू नये. नकाशा त्यांच्याच हातात द्यावा, म्हणजे त्या वाट विचारत नाहीत, सांगतात. आणि वाटेत गावातल्या म्हाताऱ्या माणसापाशी थांबावे. कुठली वाट बंद झाली आणि कधी, हे नकाशावर छापलेले नसते. ते त्यांच्याकडूनच कळते. कळले की तारीख लिहून घ्यावी.

जून येण्याआधी आणखी एकदा बेडशाकडे जायचे ठरले आहे. आजींनी सांगून ठेवले आहे, येताना त्या कागदाची एक प्रत घेऊन या, विहारात लावायची आहे. प्रत काढून ठेवली आहे. मुलीने त्यावर ती वाट शाईने ठळक केली आहे.

जयभीम.